विद्यार्थीकेंद्री शिकवणं आणि तंत्रज्ञान: मराठवाड्यातल्या शिक्षक-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्यापासून किनवटपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक, डी.एल.एड. आणि बी.एड.चे विद्यार्थी आणि काही पालक यांच्याकडून वरचेवर येणारे हे प्रश्न आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. एक उत्तर दुसऱ्याला लागून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळ्या उत्तरांमागे कसोटी मात्र एकच आहे: या तासात विचार कोण करतंय? गुरुजी, पडदा, की लेकरू?

१. विद्यार्थीकेंद्री म्हणजे नेमकं काय? गुरुजींनी शिकवायचंच नाही का?

शिकवायचं, आणि जास्त तयारीने शिकवायचं. फरक नियोजनाच्या सुरुवातीत आहे. 'आज मी काय सांगणार' याऐवजी 'लेकराला आत्ता काय येतं आणि तास संपेपर्यंत ते काय करून दाखवू शकेल' इथून सुरुवात करायची. समजावून सांगणं, फळ्यावर उदाहरण सोडवणं, गोष्ट सांगणं हे सगळं त्यात बसतं. पूर्ण तास गुरुजी एकटेच बोलले आणि शेवटी 'समजलं का?' विचारल्यावर वर्गाने एका सुरात 'होऽऽ' म्हटलं, हे मात्र बसत नाही. त्या 'हो'वरून कुणाला काय समजलं हे कळत नाही. गुरुजींनी सरळ सांगणंच योग्य कधी, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. वर्तनवाद, बोधवाद, ज्ञानरचनावाद यांच्या व्याख्या पाठ आहेत. वर्गात त्यांचं करायचं काय?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पावलोव्ह, थॉर्नडाइक, स्किनर यांच्या वर्तनवादात शिकणं म्हणजे दिसून येणारा वर्तनबदल. छोटी पायरी, सराव, लगेच प्रतिसाद आणि प्रबलन, म्हणजे बरोबर केल्याबद्दल शाबासकी किंवा बक्षीस. स्किनर यांनी १९५० च्या दशकात याच तत्त्वावर शिकवण्याचं यंत्र बनवलं होतं. आज मोबाइलवर पाढ्यांचं ॲप बरोबर उत्तराला तारा देतं, तेही याच विचारातून आलं आहे. पाढे, स्पेलिंग, जोडाक्षरं यांना ते उपयोगी पडतं.

बोधवाद, म्हणजे बोधात्मक उपपत्ती (सिद्धांत), डोक्यात काय घडतं ते पाहते. एका वेळी मनात फार थोड्या नव्या गोष्टी धरता येतात, हे जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं. पुढे १९८८ मध्ये जॉन स्वेलर यांनी बोधात्मक भाराची कल्पना मांडली. वर्गापुरता अर्थ असा की नवे शब्द, नवी आकृती आणि नवी रीत एकदम डोक्यावर टाकू नका.

ज्ञानरचनावादाचे दोन मोठे आधार म्हणजे पियाजे आणि वायगोत्स्की. दोघांचाही जन्म १८९६ चा. मूल आपल्या आधीच्या समजुतींवर नवं ज्ञान रचतं, असं पियाजे सांगतात. ही रचना माणसांच्या सहवासात आणि भाषेतून होते, यावर वायगोत्स्की भर देतात.

आता एकच तास घ्या. सहावीच्या वर्गात स्टीलच्या तांब्यात बर्फाचं पाणी ठेवा. थोड्या वेळात तांब्याला बाहेरून थेंब धरतात. विचारा, हे थेंब कुठून आले? बरीच लेकरं सांगतील, 'तांब्यातून झिरपले.' हे उत्तर वेडगळ नाही. उन्हाळाभर घरातला माठ झिरपताना ती पाहतात आणि माठाच्या बाबतीत ते खरंच आहे. तीच समजूत त्यांनी स्टीलला लावली. इथे तुम्ही थेट 'संघनन' ही व्याख्या लिहून दिली तर ती वहीत उतरेल, परीक्षेत लिहिली जाईल, आणि मनात तांब्या झिरपतच राहील. त्याऐवजी विचारा, झिरपला असेल तर ते तपासायचं कसं? कुणीतरी सुचवतं, पाण्यात लाल शाई टाकू. टाका. बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. कागद ओला होतो, लाल होत नाही. वर्ग गप्प होतो, आणि मग कुजबुज सुरू होते. हवेतली वाफ, थंड पृष्ठभाग, संघनन हे सांगायची वेळ ही. आता व्याख्येला बसायला जागा तयार झालेली असते.

या तासात तिन्ही उपपत्ती आहेत. आधीची समजूत तपासली, हा रचनावाद. नवा शब्द योग्य क्षणी आणि एकच दिला, हा बोधात्मक विचार. दुसऱ्या दिवशी पाच छोटे प्रश्न विचारून पक्कं केलं, हा वर्तनवाद. तंत्रज्ञान म्हणाल तर मोबाइल टेकवून टाइमलॅप्स घ्या. थेंब कसे वाढत गेले ते अर्ध्या मिनिटात पुन्हा पाहता येतं. हा प्रयोग पावसाळ्यात करा. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत थेंब धरायला वेळ लागतो. 'तेव्हा का लागतो?' हा पुढच्या तासाचा प्रश्न.

३. आमच्या शाळेत फरशीवर तळफळे रंगवलेत, भिंती बोलक्या केल्यात. म्हणजे शाळा रचनावादी झाली ना?

साहित्य तयार झालं, चांगलं झालं. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावादावर भर दिला. साताऱ्याच्या कुमठे बीट या शाळांच्या गटातलं रचनावादी काम राज्यभर पाहिलं गेलं, आणि जून २०१५ मधल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर मराठवाड्यातही गावोगाव लोकवर्गणीतून शाळा रंगल्या. गावाने पोटाला चिमटा काढून दिलेला पैसा आहे तो, त्याचं मोल मोठं आहे. पण रंगवलेल्या चौकटीत गुरुजी सांगतील तोच अंक ठेवायचा असेल, तर फळ्यावरचं काम फरशीवर आलं, एवढंच. 'तू इथे का ठेवलंस?' हा प्रश्न लेकराला विचारला जातो का आणि त्याचं उत्तर ऐकून पुढची कृती बदलते का, ते पाहा.

४. 'समीपस्थ विकास क्षेत्र' साध्या भाषेत सांगा.

लेकराला एकट्याने जमतं ती एक हद्द. कुणाच्या तरी मदतीने जमतं ती त्यापुढची हद्द. या दोहोंमधली जागा म्हणजे समीपस्थ विकास क्षेत्र. शिकवणं तिथे व्हायला हवं. अलीकडे केलं तर लेकरू कंटाळतं, पलीकडे केलं तर ते हात टेकतं. मदत कशी द्यावी याला 'आधार देणं' हे नाव वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये दिलं. तो आधार हळूहळू काढून घ्यायचा असतो, आणि नेमकं हेच राहून जातं.

तिसरीतलं उदाहरण घ्या. ५२ वजा २७. लेकरू लिहितं ३५. लाल पेनाने फुली मारून पुढे गेलात तर काही हाती लागत नाही. त्याला विचारा, 'कसं केलंस, मला सांग.' ते सांगतं, 'दोनातून सात जात नाही, म्हणून सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन, तीन.' म्हणजे या लेकराला वजाबाकी येते आणि मोठ्यातून लहान जातं हेही माहीत आहे. त्याला दशक सुटा करता येतो हे ठाऊक नाही. त्याची हद्द कळली. आता काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि सत्तावीस मागा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर ते स्वतःच एक गठ्ठा सोडायला बघतं. दोन-तीन उदाहरणं काड्यांवर, मग गठ्ठ्यांची चित्रं काढून, मग नुसत्या अंकांत. काड्या बाजूला ठेवल्यावरही जमलं तर आधार निघाला.

५. सगळं लेकरांनी शोधून काढायचं, तर पोर्शन कधी संपणार?

सगळं शोधून काढायची गरज नाही, आणि तसं करणं बरोबरही नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये ठामपणे मांडलं की ज्याला विषयाची तोंडओळखही नाही, त्याला मार्गदर्शनाशिवाय सोडून दिलं तर तो शिकण्यापेक्षा चाचपडण्यातच दमतो. म्हणून भागाकाराची रीत, कंपास धरायची पद्धत, व्याकरणाचा नवा नियम हे आधी नीट करून दाखवा. दोन उदाहरणं पूर्ण सोडवून द्या, तिसरं अर्धं सोडवलेलं द्या, चौथं त्यांचं. जिथे लेकरांच्या मनात पक्की चुकीची समजूत बसलेली असते, जसं तांब्याचं झिरपणं, तिथे शोधाला वेळ द्या. घटकातल्या एक-दोन जागांना असा वेळ दिलात तर पोर्शन अडत नाही. उलट पुन्हा पुन्हा उजळणीचा वेळ वाचतो.

६. आमचा लातूर पॅटर्न सराव परीक्षांवरच उभा आहे. निकाल दिसतो. मग ह्या नव्या पद्धती कशाला?

सराव परीक्षांना विरोध करायचं कारण नाही. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विसरण्याचा वेग मोजला होता. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर स्वतःची चाचणी घेणारे पुढे जातात. म्हणजे आठवून लिहिणं हीच शिकण्याची एक बळकट रीत आहे, आणि लातूरच्या शिक्षकांनी ती शिस्तीने वापरली.

पण त्या पॅटर्नमधून काय उचलायचं हे बघा. पेपर तपासून चूक लेकरापर्यंत परत जाते, तिच्यावर काम होतं आणि पुन्हा चाचणी होते, हा त्यातला जीव आहे. पुष्कळ ठिकाणी नुसत्या चाचण्या उचलल्या जातात, गुण ग्रुपवर येतात आणि संपलं. दुसरं, अकरावी-बारावीच्या निवडक, समज आलेल्या पोरांना जे लागू पडतं ते तिसरीतल्या लेकरावर तसंच लादू नका. वाचता न येणाऱ्याची दर आठवड्याला चाचणी घेतली तर त्याच्या पदरी दर आठवड्याला अपयशच पडतं.

७. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतला. व्हिडिओ लावला की लेकरं शांत बसतात. शिकतात का?

शांत बसणं हे शिकण्याचं माप नाही. रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनाच्या कामातून काही गोष्टी पक्क्या पुढे आल्या आहेत: चित्र आणि बोलणं एकत्र आलं तर नुसत्या मजकुरापेक्षा चांगलं कळतं, विनाकारण संगीत आणि नाचणारी चित्रं असली की कमी कळतं, आणि व्हिडिओचे छोटे तुकडे करून दाखवले तर जास्त कळतं.

म्हणून बारा मिनिटांचा व्हिडिओ सलग लावू नका. दीड-दोन मिनिटांनी थांबवा. 'पुढे काय होईल?' हे वहीत एका ओळीत लिहायला सांगा. मगच पुढे. कधी आवाज बंद करून लावा आणि निवेदन लेकरांना करू द्या. रक्ताभिसरणाचं चित्र स्वतःच्या तोंडाने समजावताना कुठे अडतं, ते त्यांनाही कळतं आणि तुम्हालाही.

८. शाळेत मोबाइल एकच, तोही माझा. त्यात विद्यार्थीकेंद्री काय करणार?

एका मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, ध्वनिमुद्रण आहे, स्टॉपवॉच आहे. लेकरांनी काहीतरी तयार करायला एवढं पुरतं. सेमूर पॅपर्ट यांनी जिनिव्हात पियाजेंबरोबर काम केलं होतं आणि १९६७ मध्ये मुलांसाठीची लोगो ही संगणकभाषा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं हेच होतं की मूल संगणकाकडून शिकतं त्यापेक्षा संगणकाकडून काही करवून घेताना जास्त शिकतं.

मराठवाड्यात सहज जमणारं एक काम सांगतो. सातवीला शेकडेवारी, आकारमान आणि पाणी हे एकत्र घ्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. आजच्या सातवीच्या लेकरांना ते आठवत नाही, पण घरी आई-आजीला आठवतं. गटाने घरी जाऊन विचारायचं: त्या उन्हाळ्यात घागरी किती दिवसांनी भरायच्या, टँकर कधी यायचा? दुसऱ्या दिवशी आजीला शाळेत बोलवून तिचं बोलणं तुमच्या मोबाइलवर टिपायचं. मग हिशेब: आपल्या घरात माणशी रोज किती पाणी लागतं ते बादलीने मोजा. त्या मापाने पाच लाख लिटर आपल्या गावाला किती दिवस पुरेल? इथे लेकरं वाद घालतात. जनावरांचं पाणी धरायचं की नाही? म्हशीला किती लागतं? हा वाद होऊ द्या, गणित त्यातच आहे. शेवटी प्रत्येक गटाने दोन मिनिटांचं निवेदन रेकॉर्ड करायचं. पहिलं रेकॉर्डिंग ऐकल्यावर ती स्वतःच म्हणतात, 'सर, परत करू.'

रोजच्या तासासाठी दुसरा उपयोग. प्लिकर्सची छापील कार्डं प्रत्येक लेकराच्या हातात द्या. कार्ड कोणत्या बाजूने वर धरलं त्यावरून क, ख, ग, घ उत्तर ठरतं आणि तुमचा एक मोबाइल सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. नेट नसेल तर चार रंगांचे पुठ्ठे चालतात. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून वापरलेली रीत इथे छान लागू पडते: एक प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असली तरच चर्चेला सोडा. फारच थोडी बरोबर असली तर तुम्ही पुन्हा समजावून सांगा. जवळजवळ सगळी बरोबर असली तर पुढे चला.

९. वीज जाते, रेंज नाही. मग?

घरी किंवा तालुक्याला असताना उतरवून ठेवा. दीक्षा ॲपवरचे घटक उतरवता येतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट संकेतस्थळावरची विज्ञान-गणिताची सदृशीकरणं (सिम्युलेशन) फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत आणि एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात. भूमितीसाठी जिओजिब्रा हे सॉफ्टवेअर संगणकावर टाकून ठेवता येतं. प्रत्येक तासाचं नियोजन मात्र असं करा की वीज गेली तरी तास मोडणार नाही. पडद्याशिवाय जो तास उभाच राहत नाही, तो नियोजनातच कच्चा आहे.

१०. आमची शाळा द्विशिक्षकी. माझ्याकडे पहिली, दुसरी आणि चौथी. हे जमणार कसं?

बहुवर्गात तंत्रज्ञानाचा सगळ्यात खरा उपयोग म्हणजे तुमचा आवाज दोन ठिकाणी नेणं. पहिलीला अक्षरओळख देत असताना चौथीच्या कोपऱ्यात तुमच्याच आवाजातल्या सूचना, श्रुतलेखन किंवा गोष्ट आणि तिच्यावरचे प्रश्न मोबाइलवर चालू राहू शकतात. त्यापलीकडे, इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे रोज तासभर गट करा. चौथीतल्या ज्याला शब्द वाचता येत नाहीत, तो दुसरीच्या गटात बसला तर कमीपणा नाही, मात्र हे त्याला खासगीत आणि मायेने सांगा. मोठ्या लेकराने लहानाला वाचून दाखवणं म्हणजे वायगोत्स्कीच, नवं काही शोधायला नको.

११. गटकार्यात एकच हुशार पोरगी काम करते, बाकीचे बघतात.

काम वाटून द्या, आणि उत्तर कोण सांगणार हे आधी ठरवू नका. चौघांना चार वेगळे माहितीचे तुकडे द्या, म्हणजे चौघे बोलल्याशिवाय कोडं सुटत नाही. शेवटी चिठ्ठी काढून ज्याचं नाव येईल त्याने सांगायचं. गुण गटाला थोडे आणि वैयक्तिक लेखी कामाला जास्त. मोबाइल किंवा टॅब असेल तर तो त्या हुशार पोरीच्या हातात देऊ नका. ज्याला कमी येतं त्याच्या हातात साधन आणि तिच्या तोंडी सूचना, असं करा.

१२. दिवाळीनंतर निम्मी लेकरं ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग चालवू का?

बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतून हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि त्याला सोपं उत्तर नाही. फडात मोबाइल असतो तो बापाकडे, चार्जिंग रात्रीचं, आणि पहाटेपासून लेकरू धाकट्या भावंडाला सांभाळतंय. त्या लेकराला सकाळी अकराचा ऑनलाइन तास म्हणजे आणखी एक गैरहजेरी.

पहिला प्रयत्न लेकरू गावात राहावं हाच. आजी-आजोबांकडे सोय, हंगामी वसतिगृह, त्यासाठी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दसऱ्याच्या आधी व्हायला हवी. जावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसायची व्यवस्था करा आणि तिथल्या गुरुजींना स्वतः फोन करा. कार्डावरच्या नोंदीपेक्षा 'ह्याला बेरीज येते, वाचताना जोडाक्षरांना अडतो' हे तुमचं एक वाक्य जास्त कामाचं.

तंत्रज्ञानाचा वापर त्यानंतर. बापाच्या व्हॉट्सॲपवर तीन-चार मिनिटांचा आवाजी संदेश: एक गोष्ट, एक प्रश्न. लेकराने रात्री तसंच आवाजात उत्तर द्यायचं. लेखी काम पाठवू नका. कोलोरॅडोतले जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोन रसायनशास्त्राचे शिक्षक २००७ मध्ये तास रेकॉर्ड करू लागले, ते गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच. उलट्या वर्गाची पद्धत (व्हिडिओ घरी, सराव वर्गात) पुढे त्यातून आली. आपल्याकडे मात्र घरी व्हिडिओ बघून या, असं सरसकट सांगू नका. ज्याच्या घरी मोबाइल नाही तो दुसऱ्या दिवशी दोन पावलं मागे असतो.

परत आलेल्या लेकराला 'मागे राहिलेला' म्हणून बसवू नका. त्याने टनाचा भाव, खेपा, उचल आणि फिटलेली रक्कम यांचा हिशेब पाहिलेला असतो. पाचवीच्या गुणाकाराला त्यापेक्षा खरी उदाहरणं पुस्तकात नाहीत.

१३. तांड्यावरची लेकरं घरी गोरबोली बोलतात. पहिलीत मराठी पुस्तक, ॲपही मराठीच. काय करावं?

लेकराची भाषा वर्गात येऊ द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेला जागा द्या असं म्हटलं आहे. आईला 'याडी' म्हणणाऱ्या लेकराला पहिल्या दिवशी आपला शब्द शाळेत चालतो हे कळलं की ते बोलायला लागतं. आजीची गोष्ट, होळीचं लेंगी गाणं मोबाइलवर टिपा. ऐकून झाल्यावर तिच्यातले दहा शब्द देवनागरीत फळ्यावर, शेजारी मराठी. वाचनाची सुरुवात त्याला माहीत असलेल्या शब्दापासून होते. किनवट-माहूरकडे गोंडी-कोलामी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणाऱ्या लेकरांसाठीही हीच रीत चालते.

१४. एका प्रशिक्षणात सांगितलं, लेकरू दृश्य, श्राव्य की कृतिप्रधान ते चाचणीने ओळखा आणि तसंच शिकवा. करू का?

नका करू. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं तेव्हा शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं वाढतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. लेकरांना आवडीनिवडी असतात हे खरं, पण नकाशा सगळ्यांनी पाहावाच लागतो आणि कविता सगळ्यांनी ऐकावीच लागते. पद्धत विषयावरून ठरवा. 'हा श्राव्य आहे' असा शिक्का बसला की त्या लेकराला वाचायची संधीच कमी मिळते, ते नुकसान मोठं आहे.

१५. टॅब दिले तर गुणवत्ता वाढते, याला पुरावा आहे का?

कुठे वाढली, कुठे नाही, आणि कारणं समजण्यासारखी आहेत. पेरूमध्ये खेड्यातल्या शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. सुमारे पंधरा महिन्यांनी गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. दिल्लीत सोडतीने निवडलेल्या मुलांना शाळेनंतर माइंडस्पार्क या संगणक कार्यक्रमावर बसवलं. तो प्रत्येकाला इयत्तेप्रमाणे नव्हे, त्याच्या पातळीप्रमाणे प्रश्न देत होता. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ झाली. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. गुजरातमधल्या एका अभ्यासात तर एकच कार्यक्रम शिक्षकाच्या तासाऐवजी वापरला तेव्हा मुलं मागे पडली आणि तासाच्या जोडीला वापरला तेव्हा पुढे गेली. सरपंच टॅब घ्यायला निघाले असतील तर त्यांना आधी हे तीन अनुभव सांगा.

१६. नववीची पोरं गृहपाठ चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. बंदी घालू?

बंदी घरात चालत नाही. तुर्कस्तानातल्या माध्यमिक विद्यार्थ्यांवरच्या एका अभ्यासात, सरावाच्या वेळी एआय हाताशी असलेल्यांनी ४८ टक्के चांगली कामगिरी केली; नंतर परीक्षेत ते काढून घेतल्यावर तेच विद्यार्थी बाकीच्यांपेक्षा १७ टक्के मागे पडले. ज्यांच्या एआयला उत्तराऐवजी फक्त सूचक इशारे द्यायला बांधलं होतं, त्यांचं तसं नुकसान झालं नाही. तेव्हा गृहपाठाचं स्वरूप बदला: वर्गात हाताने लिहिणं, तोंडी दोन उपप्रश्न, आणि एआयने आपल्या गावाविषयी लिहिलेल्या परिच्छेदातल्या चुका शोधून आणा. शेवटचं काम पोरं मनापासून करतात, कारण गावाविषयी त्यांना जास्त माहीत असतं.

१७. लेकरांचे कृती करतानाचे फोटो रोज ग्रुपवर मागतात. टाकावेत का?

पालकांची संमती असल्याशिवाय चेहरे दिसणारे फोटो टाकू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हे मूळ तत्त्व आहे. अहवालाला पुरावा हवा असेल तर वहीचं पान, हातांनी केलेली मांडणी, तक्ता यांचा फोटो द्या. वाचन न येणाऱ्या लेकराचा चाचपडतानाचा व्हिडिओ तर कुठेच जाता कामा नये, तो फक्त तुमच्या निदानासाठी (प्रश्न ४). आणि फोटोसाठी कृती मध्येच थांबवू नका. लेकराची लागलेली तंद्री मोडली की ती त्या तासात परत लागत नाही.

१८. वर्गात एक लेकरू आहे, त्याला फळ्यावरचं दिसत नाही. प्रोजेक्टरचे तास त्याच्यासाठी वाया जातात का?

तसंच चालू ठेवलं तर जातात. आधी नेत्रतपासणी करून घ्या. कित्येकदा चष्म्याचंच काम असतं. दृष्टी खरोखर अधू असेल तर मोबाइलचा कॅमेरा भिंगासारखा मोठं करून दाखवतो, आणि अँड्रॉइड फोन मराठी मजकूर वाचूनही दाखवतो. त्याला पडद्याजवळ बसवलं म्हणजे झालं असं मानू नका. तुम्ही बोलताना 'हे बघा, इथून इकडे' म्हणता, ते, हृदयाची आकृती असेल तर, 'डावीकडच्या झडपेतून खालच्या कप्प्यात' असं म्हणा. त्याचा फायदा सगळ्या वर्गाला होतो. आकृतीला दोरा चिकटवून उठाव द्या, म्हणजे बोटाने वाचता येते. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवा, आणि ते येतील तेव्हा त्या लेकराला बाजूच्या खोलीत नेऊ देऊ नका. तास चालू असताना शेजारी बसून मदत करायला सांगा.